फॉरेन शेवटी

उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी बाथरूममध्ये आधी कोणी जायचं, हे कोणाची ड्यूटी लवकर आहे यावर ठरत नसे. बहरीनच्या विमानतळावर कोण आधी उतरलं यावर ठरत असे. मास्तर सगळ्यांच्या आधी उतरले होते, म्हणून पहिला नंबर त्यांचा. त्यांचं दुकान नऊला उघडायचं आणि माझी कंपनीची बस सहाला कोपऱ्यावर यायची, तरी मी ब्रश हातात धरून दाराबाहेर उभा आणि मास्तर आत निवांत खाकरतायत, हे रोजचं दृश्य. एकदा मी धीर करून म्हटलं, "मास्तर, माझी बस चुकतेय हो."

आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं, "बस चुकली तर दुसरी येल. क्रम चुकला तर काय येल?"

आणि नळ पुन्हा सुरू झाला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले कोकणी मुसलमान. मिशी पांढरी, दाढी मेंदीची, गळ्यात टेप. हा टेप ते जुम्म्याच्या नमाजाला जाताना तेवढा काढून ठेवत. मनामाच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एका बोळात त्यांचं युनिफॉर्मचं दुकान होतं. त्यांचं म्हणजे नावापुरतंही त्यांचं नाही. लायसन अरबाबचं, म्हणजे अरब मालकाचं, मास्तरांचा व्हिसा अरबाबचा, भिंतीवरचं घड्याळसुद्धा अरबाबचं. मास्तरांची फक्त चाळीस वर्षं होती.

दुकानात सिक्युरिटी गार्डचे शर्ट, हॉटेलच्या दारवानांचे सोनेरी कोट, शाळेच्या बँडचे डगले असलं काम चाले, आणि त्या कामाकडे मास्तर ढुंकूनही बघत नसत. ते कारागीर करत. मास्तरांचं टेबल मागच्या बाजूला, वर हिरवी लोकरी बनात घातलेली, आणि त्या टेबलावर फक्त मेडलं. लष्करातले अधिकारी समारंभाच्या आधी आपली मेडलं घेऊन येत, आणि मास्तर ती रिबिनीत गुंफून, पट्टीवर ताठ बसवून, कोटाच्या डाव्या छातीवर बारीक दोऱ्याच्या फाशांत अशी अडकवून देत की माणूस सलाम ठोको नाहीतर शिंको, मेडल जागचं हलणार नाही.

या कामात शिलाई ही दुय्यम गोष्ट. खरी गोष्ट क्रम. सगळ्यात मानाचं मेडल छातीच्या मध्याकडे, बटणांच्या जवळ. तिथून खांद्याकडे बाकीची, उतरत्या मानानं. आपल्या मुलखाची आधी, परक्या मुलखाची मागून, मग परका मुलूख कितीही मोठा असो. मास्तर दोन शब्दांत सांगत, "फॉरेन शेवटी."

हा नियम हिरव्या बनातीवरच राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. पण मास्तरांनी तो फ्लॅटभर पसरवला होता. चपलांच्या रॅकवर चपला मानानं लागत. माझे बूट, मी सगळ्यात शेवटी आलेला म्हणून, दाराच्या फटीशी, जिथं धूळ आत येते तिथं. जेवताना आधी भात, मग माशाचं कालवण, मग सुकट. अस्लमनं एकदा पिझ्झा आणला. अस्लम म्हणजे आमचा तिसरा भिडू, रायगडचा, खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात, कामाला. गरम पिझ्झाचा खोका उघडतोय तोच मास्तरांनी त्यावर ताट झाकलं. आम्ही भात जेवलो, कालवण ओरपलं, सुकट संपवली, आणि मग पोटात जागा नसताना तो गार चिवट पिझ्झा चावत बसलो. मास्तर समाधानानं म्हणाले, "आता बरोबर. फॉरेन शेवटी."

फ्लॅटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात नावांचा क्रम आपल्याला लावता येत नाही, हे त्यांना समजावताना माझा एक आख्खा शुक्रवार गेला. शेवटी त्यांनी ग्रुप सोडला. त्यांना द्यायचे निरोप आम्ही फ्रिजवर चिठ्ठी लावून देऊ लागलो.

माझा स्वतःचा नंबर मात्र एकदा वर गेला. मी विदर्भातला, बौद्ध, एका कंत्राटदार कंपनीत ड्राफ्ट्समन. बोलता बोलता मी सांगून गेलो की माझे आजोबा पलटणीत शिपाई होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आले होते. मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला.

"मेडलं?"

"तीन होती बहुतेक."

"होती म्हंजे? आता कुठं हायत?"

मी खरं ते सांगितलं. दोन कुठं गेली माहीत नाही. तिसरं आमच्या गोठ्याच्या कुलपाच्या किल्लीला लावलेलं आहे, किल्ली हरवू नये म्हणून. चांगलं जड आहे, खिशात कळतं.

मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश घेऊन उभा होतो, तर बाथरूमचं दार उघडं. मास्तर बाजूला उभे राहून म्हणाले, "दोन नंबर तुझा. तुझ्या आजोबासाठी. तुझ्यासाठी नाय." अस्लमचा दुसरा नंबर गेला तो कायमचा. त्यानं महिनाभर माझ्या चहात साखर घातली नाही.

बाहेरच्या जगालाही मास्तरांनी सोडलं नव्हतं. आमच्याकडच्या मराठी मंडळात पुरस्कारांची हौस दांडगी. ज्यानं ढोल वाजवला त्याला पुरस्कार, ज्यानं ढोल आणला त्यालाही, आणि ज्याच्या गाडीतून तो आला त्याला विशेष पुरस्कार. एका वर्षी त्यांनी मास्तरांनाही गौरव मेडल दिलं. हॉल भरलेला, पाहुण्यांनी मेडल छातीला लावलं, टाळ्या पडल्या. मास्तरांनी मान खाली घालून मेडल पाहिलं आणि उलटं केलं.

"सेफ्टी पिन?" ते माइकमधून म्हणाले. माइक चालू होता.

पुढचा अर्धा तास कार्यक्रम थांबला. मास्तरांनी व्यासपीठावरच्या सगळ्या सत्कारमूर्तींच्या छातीवरची मेडलं स्वतःच्या हातानं काढली, रुमालात बांधली आणि घरी आणली. आठवड्यानं सगळी नीट पट्टीवर बसवून परत केली, सोबत कोणी कुठल्या क्रमानं उभं राहायचं याची यादी. यादी बहरीनमध्ये उतरल्याच्या सालानं केलेली होती. मंडळाचे अध्यक्ष तीत अकराव्या नंबरावर होते. त्यानंतर मास्तरांना मंडळाचं आमंत्रण येणं बंद झालं, आणि मास्तरांनी ते आपलं म्हणणं पटल्याचं लक्षण मानलं.

अशा माणसाला मी ती बातमी वाचून दाखवायला नको होती. मनामाहून निघणारं इंग्रजी वर्तमानपत्र अस्लम कोल्ड स्टोअरमधून न विकलेलं घेऊन येई, आणि मी त्यातलं मास्तरांच्या कामाचं काही असलं तर वाचून दाखवी. त्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी होत्या. लष्करातल्या लोकांना कॉमनवेल्थ देशांनी दिलेली मेडलं वर्दीवर लावू द्यावीत की नाही, यावर पार्लमेंटात मतदान होणार.

"कॉमनवेल्थ म्हणजे ते खेळांचं?" अस्लम म्हणाला. "कुस्ती, वजन उचलायचं?"

"गप," मास्तर म्हणाले. "परत वाच."

मी परत वाचलं. मग पुन्हा एकदा. मास्तर उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

तेव्हा आम्हाला कळलं की गोष्ट मेडलांपुरती नाही. मास्तरांचं रेसिडेंट कार्ड दोन महिन्यांनी संपत होतं. वय साठीच्या पुढं गेलेलं. ते अरबाबकडे नव्या व्हिसाचं विचारायला गेले होते, आणि अरबाबनं सांगितलं होतं, हा कायदा पास झाला तर मेडलांचं काम वाढेल, मग आणखी दोन वर्षं व्हिसा, इंशाल्ला. नाही झाला तर काम कुठंय? खलास.

म्हणजे आमच्या फ्लॅटमधल्या एका माणसाचं आयुष्य पार्लमेंटातल्या एका मतदानाला टांगलेलं होतं. आणि त्या देशात आम्हा तिघांपैकी एकालाही मत नव्हतं. तिघं मिळून आम्ही बाल्कनीचा गळका पाइप बदलून घेऊ शकलो नव्हतो.

मी विचारलं, "मास्तर, आता घरी गेलात तर काय बिघडतं? मुलांनी एवढं घर बांधलंय."

"बांधलाय ना. चांगला बांधलाय," ते म्हणाले. "दोन वर्षानं मी जातो. तीस दिवस. पैल्या दिवशी कोंबडी. पाहुण्याची खुर्ची. नातवं लांबनं 'हाय दादा' बोलतात. एकदा तिकीट पुढं गेला, पाच दिवस जास्त रायलो. तेव्हा बघितलं, मला कुठं बसवायचा तेच कोणाला ठावं नाय. सकाळी बाथरूमला मी उभा रायलो तर सून बोलली, अब्बा, तुम्ही नंतर जा, पोरांची शाळा हाय." मग म्हणाले, "बरोबरच बोलली ती. तिकडं माझा नंबरच नाय."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला वाईट वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बस चुकली तेव्हा ते कमी झालं.

मास्तर कामाला लागले. त्यांनी कुठून तरी ऐकलं की माहूजमध्ये एका खासदाराची मजलिस भरते. ठरलेल्या संध्याकाळी घराची मोठी बैठक सगळ्यांना उघडी, कोणीही जावं, कॉफी प्यावी, आपलं गाऱ्हाणं सांगावं. हा खासदार तरुण आहे, या विषयावर त्याचं अजून काही ठरलेलं नाही, असंही त्यांना कळलं. मास्तरांच्या डोक्यात एकच विचार बसला. ही माणसं परक्या मेडलांना विरोध करतील तर एकाच भीतीनं, की परकं मेडल आपल्या मेडलाच्या पुढं जाऊन बसेल. तसं होत नाही, हे एकदा डोळ्यांनी दाखवलं की झालं.

चार संध्याकाळी बसून त्यांनी एक नमुना केला. अधिकाऱ्यांची खरी मेडलं कशी वापरणार? म्हणून पितळेच्या पाच चकत्या लख्ख घासल्या आणि कापून उरलेल्या रिबिनींचे तुकडे त्यांना लावले. चार इथल्या रंगांच्या, पाचवी कॉमनवेल्थवाल्यांची. पाचवी अर्थात पार टोकाला, खांद्याजवळ.

"आणि हे कशावर दाखवणार?" मी विचारलं. दुकानात एक लाकडी पुतळा होता.

"पुतळ्याला श्वास नाय. छाती हलते तेव्हा मेडल कसा दिसतो ते कळाया जिवंत माणूस पायजे." आणि त्यांनी माझी छाती टेपनं मोजली.

थंडीचे दिवस होते म्हणून लग्नातला ब्लेझर मला सहन झाला. उम्म अल हस्समहून माहूज जवळच. आम्ही चालत निघालो, मास्तर पुढं, मी मागं, माझ्या छातीवर पितळेच्या पाच चकत्या वाजताहेत. सिग्नलला एका गाडीतल्या माणसानं काच खाली करून मला सलाम केला. मी परत केला. आजोबांना मी किल्लीला लटकवलं होतं, त्याचं फळ मला त्या संध्याकाळी मिळालं असं वाटलं.

मजलिसच्या दाराशी बूट काढले. लांबलचक खोली, चारी भिंतींना सोफे, त्यावर पंधरा-वीस माणसं. मास्तरांनी सलाम केला आणि रिवाजाप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घेत गेले. कॉफी आली तीही उजव्या बाजूनं वाटली जाऊ लागली. मास्तर माझ्या कानाशी लागून खूष होऊन म्हणाले, "बघ. हितं क्रम पाळतात. उजवीकडनं सुरू म्हंजे उजवीकडनं."

हे वाक्य त्यांच्याच तोंडचं आहे. मी त्याला साक्षीदार आहे.

खासदार चष्मा लावलेला, हसतमुख माणूस. त्यानं आमचं ऐकून घ्यायची तयारी दाखवली. मास्तरांनी मला खोलीच्या मध्ये उभं केलं आणि श्वास घे म्हणाले. मी श्वास घेतला. मग आपल्या चाळीस वर्षांच्या अरबी-हिंदीत त्यांनी भाषण केलं. मेडलं कितीही येऊ देत, बहरीन अव्वल, बाहरवाला आखिर, हा जगाचा कायदा आहे, आणि हा माझ्या हातचा नमुना. कोणाची इज्जत कमी होत नाही. आँख से देखो.

खासदाराचे एक म्हातारे चुलते शेजारी बसले होते. ते उठले, काठी टेकत माझ्यासमोर आले, चष्मा वर केला आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं. उजवीकडून. त्यांच्या उजवीकडून, जिथून ते आयुष्यभर प्रत्येक अरबी ओळ वाचत आले होते तिथून.

"ये पहला कौन सा है?" त्यांनी विचारलं.

बोट कॉमनवेल्थच्या चकतीवर होतं. मास्तरांचं लक्ष 'कौन सा' कडे होतं, 'पहला' कडे नव्हतं. ते छाती फुगवून म्हणाले, "ये कॉमनवेल्थ!"

म्हाताऱ्याचं बोट सावकाश एकेक चकतीवरून सरकत माझ्या बटणांपाशी आलं. "और ये?"

"ये बहरीन का. सबसे बडा."

"सबसे बडा," म्हातारे म्हणाले, "और सबसे आखिर में?"

पंधरा-वीस माणसांचे डोळे माझ्या छातीवरून उजवीकडून डावीकडे फिरले. मी श्वास घ्यायचं विसरलो.

मास्तरांना काय झालं ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. "नहीं नहीं, उल्टा, उल्टा देखो," असं म्हणत त्यांनी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना दंडाला धरून माझ्या पाठीमागं नेलं, म्हणजे ज्याची छाती आहे त्याच्या बाजूनं क्रम दिसेल. बिचारे गेलेही. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून त्यांनी खाली पाहिलं. त्यांची दाढी माझ्या कानाला लागत होती. "मफी फायदा," ते म्हणाले. काही उपयोग नाही, इथून काहीच दिसत नाही.

मग सगळे हसले. वाईट हसले नाहीत. आम्हाला खजूर दिले, पुन्हा कॉफी दिली. निघताना खासदार मला दारापर्यंत पोचवायला आला आणि इंग्रजीत म्हणाला, "या विषयावर मला आजवर काहीच मत नव्हतं. तुमच्या मास्टरांनी ते तयार केलं. माझे काका आता मला कायद्याच्या बाजूनं हात वर करू देणार नाहीत."

परत येताना मास्तर एका फुटपाथच्या कठड्यावर बसले. "रोज फजरच्या नमाजानंतर कुराण वाचतो मी," ते म्हणाले. "उजवीकडनं. लहानपणापासनं वाचतो. आणि छाती वाचली डावीकडनं." मी म्हटलं, मेडलांचा नियमच तसा आहे, तुम्ही बरोबर लावलं होतं. ते म्हणाले, "लावलं बरोबर. दाखवलं कोणाला ते बघितलं नाय." त्यानंतरचे दिवस त्यांनी बाथरूमचा नंबर सोडून दिला. अस्लम म्हणाला, चला, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी तोही मास्तर उठेपर्यंत दाराबाहेर थांबला.

मतदानाच्या दिवशी मी ऑफिसातून दर तासाला मोबाइल पाहत होतो. आमच्या देशातल्या निवडणुकीत मी इतका जीव टांगला नव्हता. दुपारी बातमी आली. विषय पुकारला, हात वर झाले, मंजूर. पाच मिनिटं लागली असतील नसतील. माहूजचा आमचा खासदार त्या दिवशी एका नातेवाइकाच्या मयतीला गेला होता, सभागृहात नव्हताच. मास्तरांनी चार संध्याकाळी खपून विरोधात फिरवलेलं ते एक मत मोजायलाच आलं नव्हतं.

मी फोन केला. पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

"पास?"

"पास, मास्तर."

त्या संध्याकाळी मास्तरांनी स्वतः सुरमईचं कालवण केलं. अस्लमला आधी वाढलं. रात्री टेबलावर कागद पसरून कुठली रिबिन किती लागेल याचा हिशोब मांडत बसले, आणि माझ्या ब्लेझरचं निखळलेलं बटण लावून दिलं, चष्म्याशिवाय, एका झटक्यात सुई ओवून.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायला मदत लागेल म्हणून मी हाफ डे घेऊन त्यांच्याबरोबर अरबाबच्या ऑफिसात गेलो. अरबाब मास्तरांच्याच वयाचा, गोरापान, सौम्य माणूस. त्यानं उठून मास्तरांना मिठी मारली, चहा मागवला, गावाकडच्या मुलांची नावं घेऊन चौकशी केली. मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी टेबलावर ठेवली. "अरबाब, पास."

"माशाल्ला," अरबाब म्हणाला. तो चहाचा कप उचले, ठेवी, पुन्हा उचले.

टेबलावर एक ड्रॉइंग पसरलेलं होतं. ड्रॉइंग समोर आलं की मी ते वाचतो, माझा धंदाच तो. सूकच्या बोळातल्या एका दुकानाचा आराखडा होता. काचेची कपाटं, दिवे, कोपऱ्यात काउंटर, वर पाटी: मोबाइल कव्हर आणि चार्जर. खालच्या कोपऱ्यात तारीख. बातमी वर्तमानपत्रात येण्याच्या कितीतरी आधीची.

तेव्हा मला सगळं उलगडलं. मास्तरांचं दुकान केव्हाच दुसऱ्याला द्यायचं ठरलं होतं. अरबाबला फक्त तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं. चाळीस वर्षं ज्याला रोज सलाम केला त्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून त्यानं नाही म्हणायचं काम पार्लमेंटावर सोपवलं होतं. पार्लमेंट नाही म्हणेल, मग मास्तरही समजून घेतील, कोणाचाच दोष नाही. आणि पार्लमेंटानं हो म्हणून त्या भल्या माणसाची पंचाईत करून ठेवली होती. मला इतका संताप आला की ते ड्रॉइंग उचलून मास्तरांसमोर धरावं असं वाटलं.

तशी गरज पडली नाही. मास्तरांना ड्रॉइंग वाचता येत नव्हतं, पण मापं कळत होती. त्यांची नजर त्या आराखड्यावरून एकदाच फिरली आणि मागच्या भिंतीपाशी थांबली, जिथं खांबामुळं खोलीला खाच पडली होती. त्या खाचेत त्यांचं टेबल बसत असे. त्यांनी हळूच वर्तमानपत्राची घडी उचलून खिशात घातली.

"अरबाब," ते म्हणाले, "मैं दुसरी बात के लिए आया था. आँख गया मेरा. सुई में धागा नहीं जाता. दो साल नहीं होगा. माफ करो, मेरे को घर भेजो."

अरबाबनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि मास्तरांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्याचे डोळे भरले होते. व्हिजिट व्हिसावर ये, म्हणाला, माझ्या घरी राहा, इंशाल्ला. मास्तरही इंशाल्ला म्हणाले. फॉर्म भरायचा प्रश्नच उरला नव्हता. आम्ही चहा पिऊन बाहेर पडलो.

जिना उतरेपर्यंत मी दम धरला. मग रस्त्यावर येऊन तोंड सोडलं. "खोटं का बोललात? काल रात्री चष्मा न लावता सुई ओवलीत तुम्ही! कायदा पास झालाय. त्यानं शब्द दिला होता. त्याला म्हणू द्यायचं होतं ना 'नाही', होऊ द्यायची होती की लाज!"

मास्तर चालत राहिले. बोळाच्या तोंडाशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले, "एकदा पण तो मला 'नाय' बोलला नाय. आजच्या दिवसाला बोलायला लावला असता, तर बिचारा आज जेवला नसता."